खिडकीतली पांढरी कुत्री

"लाकूड!" कॅप्टन म्हणाले. "अख्खं गाव लाकडाचं. एक काडी ओढली की खेळ खलास."

पोर्वो गावाच्या पुलावर आम्ही उभे होतो. नदीकाठाने लाल रंगाची जुनी कोठारं एकमेकांना खेटून उभी होती. त्यांच्या मागे चढावर पिवळी, करडी, फिक्या निळ्या रंगाची घरं होती. बाकीचे प्रवासी फोटो काढत होते. आमचे कॅप्टन तपासणी करत होते.

"जळलंय हे गाव पूर्वी, बाबा," मी म्हटलं. "नंतर पुन्हा बांधलं."

"कशाचं?"

"लाकडाचंच."

कॅप्टननी माझ्याकडे असं पाहिलं, की तो निर्णय जणू मीच घेतला होता.

कॅप्टन म्हणजे माझे सासरे, मोरेश्वर खवणेकर. वेंगुर्ल्याचे. जन्मभर व्यापारी बोटींवर होते, निवृत्त झाले तेव्हा कप्तान होते, आणि निवृत्तीनंतरही ते पद त्यांनी खाली ठेवलेलं नव्हतं. घरात जेवणाला हाक मारली तर ते आधी घड्याळ बघत आणि मग आम्हाला किती उशीर झाला ते सांगत. मी अकोल्याची. समुद्र मी लग्नानंतर पाहिला. त्यामुळे माझ्या मताला तसंही फार वजन नव्हतं.

त्या वर्षी सासू-सासरे उन्हाळ्यासाठी आमच्याकडे तुर्कूला आले होते. फिनलंडच्या किनाऱ्यावरची जुनी लाकडी गावं बघायची, ही टूम कॅप्टनांचीच. तरुणपणी त्यांची बोट यातल्या कुठल्याशा बंदरात लाकूड भरायला आली होती म्हणे, पण तेव्हा धक्क्यापलीकडे जायला फुरसत मिळाली नव्हती. परागला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रजा मिळाली नाही. गाडी चालवायला मी, मार्ग आखायला कॅप्टन आणि मागच्या सीटवर फराळाची पिशवी मांडीवर घेऊन आई, म्हणजे सासूबाई, असा आमचा ताफा निघाला.

कॅप्टनना एक खोड होती. लाकूड दिसलं की बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायची आणि कान देऊन ऐकायचं. "आतून कुजलंय की नाही ते आवाज सांगतो," असं म्हणत. पोर्वोत त्यांनी निम्मं गाव ठोकून पाहिलं. आई चार पावलं मागे राहून चालत होत्या. ओळख नसल्याचा आव त्यांना चांगला जमत होता.

सहल नुसती सहल नव्हती, हे मला दुसऱ्या दिवशी गाडीत समजलं.

"सूनबाई, तुला सांगितलं की नाही हिने?" कॅप्टन म्हणाले. "कारखाना विकतोय आपण. मडगावची एक पार्टी आहे. फिरतीच्या शेवटच्या दिवशी फोन करून होकार कळवायचाय. शेवटचं बंदर, शेवटचा निर्णय!"

मी आरशातून मागे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होत्या.

कारखाना आईंचा होता. कॅप्टन बोटीवर असताना, पराग लहान असताना, त्यांनी घरामागच्या पडवीत काजू फोडायला सुरुवात केली होती. आधी त्या आणि शेजारच्या दोघी. पुढे पडवी पुरेना, शेड आली, वाफवायची टाकी आली, गावातल्या बायका कामाला आल्या. काजूच्या चिकाने आईंच्या बोटांची टोकं कायमची काळपट झाली होती. लग्नात मी त्यांच्या पाया पडले तेव्हा आधी ती बोटंच माझ्या नजरेला पडली होती.

"आता हिने फक्त आराम करायचा," कॅप्टन पुढे म्हणाले. "पुण्याला फ्लॅट बघून ठेवलाय. लिफ्ट आहे, बाग आहे. माझा जुना सोबती डिमेलो मागे लागलाय, गोव्यात बोटीवर जाणाऱ्या पोरांना शिकवायला या म्हणून. स्पष्ट नाही सांगितलं मी त्याला. म्हटलं, माझ्या बायकोने जन्मभर खिडकीत बसून माझी वाट बघितली. आता एक दिवससुद्धा तिला एकटी ठेवणार नाही."

"आई, तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"लाडू खातेस?" आई म्हणाल्या.

नवऱ्याने विचारलेल्या प्रश्नालाही त्या असंच उत्तर देत असणार, आणि कॅप्टन त्याला होकार समजत असणार.

राउमा गावी आमच्या सहलीने वळण घेतलं, आणि तेही त्या टकटकीमुळे. जुन्या राउमातल्या गल्ल्या अरुंद, घरं थेट रस्त्याला लागून, आणि प्रत्येक घराचा रंग जपलेला. एका हिरव्या घराची फळी कॅप्टनना विशेष आवडली. त्यांनी ती वाजवली. समाधान झालं नाही म्हणून पुन्हा वाजवली. तेवढ्यात फळीशेजारचं दार उघडलं आणि एक उंच म्हातारे गृहस्थ बनियनवर बाहेर आले. कुणीतरी भेटायला आलं आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती.

कॅप्टननी सलाम ठोकला. दुसरं काय करणार?

मी माफी मागितली, सासरे जहाजावर होते असं सांगितलं. ते ऐकताच म्हातारबुवांचा चेहरा खुलला. ते इंग्रजीत म्हणाले, "मग तुम्हाला हे दाखवायलाच हवं," आणि त्यांनी आपल्या खिडकीकडे बोट केलं. काचेच्या आत चिनी मातीची दोन पांढरी कुत्री बसली होती. गळ्यात सोनेरी साखळ्या, कान लोंबते, चेहरे कुणीतरी रागावल्यासारखे. तोंडं घराच्या आत.

"माझ्या आजीची," ते म्हणाले. "आजोबा खलाशी. इंग्लंडहून आणली. नवरा समुद्रावर गेला की बायका कुत्र्यांची तोंडं रस्त्याकडे करायच्या. तो परत आला की आत वळवायच्या. सगळ्या किनाऱ्यावर हीच रीत होती."

"म्हणजे तोपर्यंत कुत्री वाट बघायची," कॅप्टन म्हणाले.

"असं म्हणतात खरं," म्हातारबुवा म्हणाले.

कॅप्टन बोलायचे थांबले. ही घटना इतकी दुर्मिळ होती, की आईसुद्धा चार पावलं पुढे आल्या. कॅप्टनांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तसेच चालू लागले, आणि चौकातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरून अगदी तशीच कुत्र्यांची जोडी घेऊन बाहेर आले. भावसुद्धा केला नाही. ती पुडकी त्यांनी आईंच्या हातात दिली.

"तुझ्याकडे कुत्री नव्हती," ते म्हणाले, "पण तू होतीस."

आईंनी पुडकी घेतली. "फुटतील हो वाटेत," एवढंच म्हणाल्या.

शेवटचं गाव क्रिस्टिनेस्टाड. तिथले लोक स्वीडिश बोलतात. मी तुर्कूला ज्या पाळणाघरात काम करत होते तिथे स्वीडिशच चालायचं, त्यामुळे आता दुभाषी मी. गुनवोर नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या पिवळ्या घरात खोल्या घेतल्या होत्या. गल्ली इतकी निमुळती की गाडी चौकात ठेवून सामान हाताने आणावं लागलं. गुनवोरबाईंच्या खिडकीबाहेर एक छोटा आरसा तिरका बसवला होता. खुर्चीतून न उठता त्यात गल्लीची दोन्ही टोकं दिसत. कोण आलं, कोण गेलं, कुणाबरोबर गेलं, सगळं. आईंना तो आरसा फार पसंत पडला.

आणि काचेआड दोन पांढरी कुत्री. तोंडं रस्त्याकडे.

"विचार, यांचा नवरा कुठे आहे?" कॅप्टन मला म्हणाले.

मी विचारलं. नवरा रुनार. खलाशी होता. वारून बरीच वर्षं झाली.

कॅप्टननी टोपी काढली. "पाहिलंस?" ते आईंना हळू आवाजात म्हणाले. "अजून वाट बघतेय." मग त्यांना तिथे उभं राहवेना. बंदर बघून येतो म्हणाले आणि गेले.

आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो. गुनवोरबाईंनी कॉफी ओतली, वेणीसारखा विणलेला गोड पाव कापला. आईंनी घास घेतला आणि दचकल्या.

"वेलची आहे गं यात!"

मी ते सांगितलं. गुनवोरबाई खूश झाल्या. आईंनी पिशवीतून आपल्या कारखान्यातले काजू काढून बशीत ओतले. त्यानंतर माझं दुभाषाचं काम एकदम वाढलं. काजू कसा भाजतात, मासा कसा खारवतात, सुना कशा असतात. शेवटचं मी दोन्हीकडे थोडं सौम्य करून पोचवलं.

मग आईंनी कुत्र्यांकडे बोट केलं. "विचार तिला, खरंच वाट बघतात का ती?"

गुनवोरबाईंनी ऐकलं आणि कॉफीचा पेला खाली ठेवला.

"वाट?" त्या म्हणाल्या. "अगं, कुत्री नवऱ्यासाठी नसतात. नवरा समुद्रावर, त्याला ती दिसणार कुठून? ती शेजारणींसाठी. बाहेर बघताहेत म्हणजे नवरा घरी नाही, कॉफीला या. रुनार गेला की या टेबलाभोवती आम्ही सगळ्या. विणकाम, गप्पा, हसणं. मी दोन हातमाग चालवत होते या खोलीत. तो आला की कुत्री आत. मग घरात कुणी पाऊल टाकायचं नाही. पहिला आठवडा छान जायचा. नंतर तो माझी कपाटं लावायला घ्यायचा."

मी भाषांतर केलं. आईंनी पदर तोंडाला लावला.

"आणि निवृत्त होऊन कायमचा घरी आला तेव्हा?" आईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी इतक्या घाईने विचारला, की मी भाषांतर करायच्या आधीच गुनवोरबाईंना तो कळला असावा.

"तेव्हा थोडे दिवस आत ठेवली. मग एकदा धूळ पुसली आणि ठेवताना बाहेर वळवून ठेवली. त्याला कधी कळलंच नाही. घरातल्या माणसाला कुत्र्यांची शेपटं दिसतात ना, तो काय शेपटं बघत बसतो? शेजारणी यायला लागल्या. रुनारला वाटायचं, तो निवृत्त झाला म्हणून सगळ्या त्याला भेटायला येतात."

आई हसायला लागल्या. आवाज न करता हसत होत्या, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नेमके तेव्हाच कॅप्टन दारात आले.

"काय गो, रडतंस कित्याक?" ते धावतच आले. मालवणी त्यांच्या तोंडून जीव हलला तरच बाहेर यायची. "मी आसंय ना आता!"

आईंना जास्तच हुंदका आला. कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या बाई?"

"म्हणाल्या," मी म्हटलं, "नवरा घरी असला की घर अगदी वेगळंच वाटायचं."

"बघ," कॅप्टन म्हणाले आणि त्यांनी आपला रुमाल आईंना दिला.

संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यातल्या लख्ख उजेडाच्या संध्याकाळी, कॅप्टन आत घोरत असताना आई आणि मी दारापुढच्या पायरीवर बसलो होतो.

"मी कधी वाट बघितलीच नाही गं," आई म्हणाल्या. "वेळ कुठे होता? बी वाळवायची, बायकांचे पगार, परागची शाळा. यांचं पत्र आलं की पहिल्यांदा वाटायचं, अगंबाई, हे राहिलंच होतं. वाईट नव्हतं हं आमचं काही. आले की आनंद व्हायचा. पण खिडकीत मी कधी बसले नाही."

"मग सांगा ना त्यांना तसं. कारखाना तुमच्या नावावर आहे. नको म्हणा."

"कसं सांगू?" त्या आपल्या काळपट बोटांकडे बघत राहिल्या. "तिकडे वादळात, परमुलखात, जन्मभर तो माणूस एवढ्याच भरवशावर राहिला. घरी कुणीतरी वाट बघतंय. ते खोटं होतं म्हणून सांगू? मग त्यांच्याकडे उरलं काय? आणि नाही सांगितलं तर माझ्याकडे काय उरतं? लिफ्ट?"

मला त्यांची फार दया आली, आणि कॅप्टनांचा राग येईल अशी जी सोय मी मनात करून ठेवली होती, तीही गेली.

सकाळी न्याहारीला कॅप्टन इस्त्रीचा शर्ट घालून आले. फोन त्यांनी टेबलावर मधोमध ठेवला. पुडकी सोडवून दोन्ही कुत्री काढली, फोनच्या दोन बाजूंना मांडली आणि त्यांची तोंडं आईंकडे केली.

"आता कायमची आत," ते म्हणाले. "काय, लावू फोन?"

आईंनी पावाचा तुकडा खाली ठेवला. त्या एरवी घरात आमच्याशी पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी नाही बोलल्या.

"माका एक सांगूचा आसा," त्या म्हणाल्या. "जन्मभर मी तुमची वाट बघलंय ना?"

"बघितलीस!" कॅप्टन म्हणाले. "म्हणून तर."

"मगे माका आता वाट बघूचीच सवय झाली. तुमी कायमचे घरात बसलास तर मी वाट कोणाची बघू? माका काय सुचना नाय. निवृत्त झाल्यापासून बघतास मा, मी कशी उगीच राहतंय ती?"

आई अशा गप्पगप्प राहतात याचा अर्थ त्यांनी आतापर्यंत सुख असा लावला होता.

"डिमेलोक हो म्हणा," आई म्हणाल्या. "सोमवारी गोव्याक जावा, शनिवारी येवा. मी वाट बघतंय. ती सवय मोडू नकात."

"आणि कारखाना?"

"वाट बघताना हात रिकामे ऱ्हवले की जीव वर-खाली होता."

गुनवोरबाई चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांना शब्द कळत नव्हता, पण त्या कपबशी न वाजवता थांबल्या होत्या. कॅप्टन उठले, खिडकीशी गेले, नाक शिंकरलं आणि नकळत भिंतीच्या फळीवर पेराने टकटक केली.

"या, या, दार उघडंच आहे!" गुनवोरबाई स्वीडिशमध्ये ओरडल्या.

कॅप्टन वळले. डोळे लाल होते आणि चेहऱ्यावर असा अभिमान, की तसा तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"ऐकलंस, सूनबाई?" ते मला म्हणाले. "अशी बायको मिळायला नशीब लागतं."

"हो, बाबा," मी म्हटलं. यात मला काहीच सौम्य करावं लागलं नाही.

त्यांनी दोन फोन केले. एक मडगावला, एक डिमेलोंना. निघताना गुनवोरबाईंनी आईंना मिठी मारली आणि माझ्यामार्फत निरोप दिला, की कुत्र्यांची धूळ नियमित पुसत जा.

पुढची बरीच वर्षं वेंगुर्ल्याच्या घरात रस्त्याकडच्या खिडकीत ती कुत्री बसलेली असत. सोमवार ते शुक्रवार बाहेर, शनिवार-रविवार आत. कारखान्यातल्या बायकांना ते पाठ झालं होतं. कुत्र्यांची पाठ फिरली की "कॅप्टन इले" म्हणत पडवीतल्या गप्पा पांगायच्या, आणि सोमवारी पुन्हा चहाची किटली चढायची. कॅप्टन शनिवारच्या बसमधून उतरले की आधी खिडकीकडे बघत. कुत्री वळलेली दिसली की टोपी सारखी करून आत येत. गोव्यातल्या पोरांना ते म्हणे दर वर्षी ही गोष्ट सांगत. बायको कशी असावी, या सदराखाली.

मी ती सगळी मजा फोनवर ऐकत असे आणि मनातल्या मनात गुनवोरबाईंना कळवत असे.

कॅप्टन गेले ते एका बुधवारी, गोव्यात, वर्गात शिकवताना. आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. आई रडल्या, पण माणसांत रडतात तेवढ्याच. दिवसवार झाले, माणसं पांगली, पराग कागदपत्रांसाठी पणजीला गेला. आईंनी कारखाना सुरू केला होता.

शनिवार होता. दुपारी आई शेडमधून लवकर आल्या. मी समोर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी हात धुतले, पुसले, खिडकीपाशी गेल्या आणि एक, मग दुसरं, अशी दोन्ही कुत्री आत वळवली. बाहेर पडवीतल्या बायका बोलत होत्या, त्या एकदम गप्प झाल्या.

आईंचा हात तसाच कुत्र्याच्या डोक्यावर राहिला.

"आई," मी उठत म्हटलं, "मी ठेवू का सारखी?"

"नको." त्यांनी ती पुन्हा बाहेर वळवली. सावकाश, साखळीची बाजू नीट धरून. मग खुर्ची ओढली आणि खिडकीत बसल्या. त्या घरात मी त्यांना तिथे बसलेलं प्रथमच पाहत होते.

"त्या दिसा मी खोटाच बोललंय गो," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"आता ता खरा झाला."

शिरोड्याकडून येणारी गोव्याची बस वळणावर दिसली. थांब्यावर थांबली. दोन बाया उतरल्या, एक माणूस टोपली घेऊन उतरला. बस निघून गेली तरी आई रस्त्याकडे बघत होत्या.